सणाला नको, हंगामाला या

परवा साताऱ्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "ताई, तुमची ती फराळाची टोळी या दिवाळीतही जमली नाही म्हणे. भांडलात की काय?"

म्हटलं, भांडलो नाही गं बाई. उलट पूर्वीपेक्षा जास्त वेळा भेटतो. फक्त दिवाळीला भेटत नाही. का भेटत नाही, ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणजे तिला सांगायला हरकत नव्हती, पण त्यात माझाच एक पाय घसरलेला आहे आणि तो प्रसंग दोन मिनिटांत सांगितला तर मी फारच शहाणी ठरते. म्हणून सविस्तर लिहायला बसले. नातेवाईक मंडळींनो, तुम्हीही वाचा. काही जणांना पटणार नाही, ते ठाऊक आहे.

आमची टोळी पाच जणांची. एका ऑफिसात होतो, डबे एकत्र खायचो, तिथून सुरुवात. आम्ही एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारतो, त्यामुळे इथेही तसंच लिहिते. एक अकोला, एक मालवण (हा आमच्यातला एकुलता एक पुरुष), एक वसई, एक लातूर आणि मी सातारा. आता सगळे पुण्यात, कुणी धायरीला, कुणी विमाननगरला. २००९ च्या दिवाळीत मीच टूम काढली, की भाऊबीज झाली की सगळ्यांनी माझ्या घरी जमायचं आणि प्रत्येकाने आपल्याकडचा एक पारंपरिक पदार्थ आणायचा. कल्पना सगळ्यांना आवडली. पुढे दर वर्षी होऊ लागलं. नंतर गणपती आणि संक्रांतही त्यात आली.

काय काय खाल्लंय म्हणून सांगू! अकोल्याचे वडे-भात, तळलेल्या मुंगवड्या, पातोडीचा रस्सा. वसईचा केक, आणि नाताळच्या सुमारास फुग्या. मालवणचं खाजं आणि थंडगार सोलकढी. माझ्या अनारशांचं तर फारच कौतुक. फोटो, पाककृतींची देवाणघेवाण, "अय्या, तुमच्याकडे यात गूळ घालतात?" असे संवाद. आमचं आम्हालाच वाटायचं, की बघा, महाराष्ट्र कसा एका टेबलावर आणलाय.

लातूर मात्र दर वेळी दुकानातलं काहीतरी घेऊन यायची. पेढे, बाकरवडी, एकदा सुतरफेणी. आम्ही तिची यथेच्छ टिंगल करायचो. ती हसायची. २०१६ च्या दिवाळीत मी सगळ्यांदेखत म्हणाले, "अगं, आठ वर्षं झाली. तुमच्याकडे काही परंपरा आहे की नाही?"

मी गमतीतच म्हटलं होतं. तीही नेहमीसारखी हसली. विषय तिथेच संपला, असं मला वाटलं.

मग आला एप्रिल. त्या वर्षी मला कुरडया घालायची हौस आली. कुरडया एकटीने होत नाहीत, हे ज्यांनी केल्या आहेत त्यांना सांगायला नको. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा. रात्रभर तो खाली बसला की सकाळी वरची निवळी ओतून द्यायची आणि उन्हं वर यायच्या आत चीक शिजवायचा. उकळत्या पाण्यात मीठ-हिंग घालून एकीने चीक ओतायचा आणि दुसरीने जिवाच्या आकांताने ढवळायचा, नाहीतर गुठळी झालीच म्हणून समजा. मग गरम असतानाच सोऱ्यात भरून गच्चीवर पळायचं. म्हणून लातूरला आणि अकोल्याला बोलावलं. दोघी सकाळी सहाला हजर.

शिजलेला गरम चीक वाटीत घेऊन, वर तेल घालून आम्ही तिघी गच्चीच्या कठड्याच्या सावलीत बसलो होतो. हात चिकट, पाठी दुखतायत, कुणाला कुणाकडे बघण्याची गरज नाही, सगळ्यांची नजर प्लास्टिकच्या कागदावरच्या कुरडयांवर. अशा वेळी माणूस बोलतं. लातूर म्हणाली, "तू विचारलं होतंस ना, परंपरा आहे का म्हणून?"

मला आधी आठवेचना. इतकं ते मी सहज बोलले होते.

तिचे वडील सालगडी. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एका मालकाकडे बांधलेले. लातूरकडे येळवस मोठी, म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या अमावस्येला अख्खं गाव शेतात जेवायला जातं. पावटे, हरभरे, तुरीचे सोले घालून केलेली भज्जी, उंडे, गव्हाची खीर आणि मडकंभर आंबील. त्या दिवशी लातूर शहरातले रस्तेसुद्धा ओस पडतात. आम्हाला हे सगळं ऐकून माहीत होतं. मी तिला एकदा म्हटलेही होते, की तुमची ती प्रसिद्ध भज्जी करून आण. ती म्हणाली, "येळवस ज्याच्या शेतात असते, त्याची असते. आम्ही पण जायचो. पोटभर मिळायचं, खोटं कशाला बोलू. पण आमची पंगत बांधाच्या पलीकडे. ताटल्या घरून न्यायच्या. ती भज्जी माझ्या आईने कधी रांधली नाही, फक्त घेतली. मग ती माझी परंपरा म्हणून तुझ्या टेबलावर कशी ठेवू?"

अकोला म्हणाली, "मग तुमच्या घरी काय व्हायचं?"

"रविवारी वजडी. कधी चान्या, म्हणजे मांसाच्या पट्ट्या वाळवून ठेवायच्या, तुम्ही या कुरडया वाळवताय तशाच. पावसाळ्यात तरवट्याची भाजी, रोज, नको वाटेपर्यंत. बाहत्तरच्या दुष्काळात आई लहान होती, आजीबरोबर खडी फोडायला जायची आणि तिथे सुकडी मिळायची. आई म्हातारपणीही गोड म्हणून सुकडीच करायची. यातलं काय आणू तुझ्या फराळाला? अनारशांशेजारी वजडी?"

मी म्हणाले, "आण की!" (इथपर्यंत मी बरी वागले.)

"आणत नाही. इथे येऊन करते. गरमच चांगली लागते. पुढच्या वेळी तुझ्याच घरी करू."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, आमच्या घरी आई आहेत ना.. आपण तुझ्याकडे करू या का?"

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या बिचाऱ्या खाली झोपल्या होत्या, त्यांना कुणी काही विचारलंही नव्हतं. लातूर पुन्हा तशीच हसली. म्हणाली, "बघ. पदार्थ आमचा चालेल, पण गॅस कुणाचा ते ठरलेलं आहे."

कुरडया छान झाल्या त्या वर्षी. मला मात्र त्या तळायला काढल्या की हे वाक्य ऐकू येतं.

थोडं मागे जाते. शाळेत आपण पंचहौद मिशनचं चहाचं प्रकरण शिकतो. १८९० साली पुण्यात त्या मिशनमध्ये व्याख्यानासाठी गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. नंतर गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची यादी छापून आणली आणि शहरात गहजब झाला. त्या मंडळींत रानडे आणि टिळक होते. चहाच्या एका कपावरून ग्रामण्य, प्रायश्चित्त, वाद. आपण ते वाचून हसतो, की काय हे लोक! त्याच्याच जोडीला कोल्हापूरची दुसरी गोष्ट आहे. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला मदत केली, आणि लोक तिथे जाईनात तेव्हा स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले, बरोबरच्या मंडळींनाही पाजला.

या दोन चहांमध्ये मी नेहमी स्वतःला दुसऱ्या चहाच्या बाजूची समजत आले. आमच्या टेबलावर कोण कुठल्या जातीचं, धर्माचं हे कधी मनातही आलं नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचे. आता कळतं, मनात येण्याची गरजच नव्हती. सगळे माझ्या घरी येत होते आणि माझ्या घरात चालेल तेवढंच आणत होते. महाराजांनी गंगारामांना वाड्यावर चहा घेऊन बोलावलं नव्हतं, ते त्यांच्या हॉटेलात गेले. हा फरक माझ्या लक्षातच आला नव्हता.

त्या आठवड्यात मी मालवणला फोन करून हे सगळं सांगितलं. वाटलं, तो म्हणेल, जाऊ दे गं, तुझ्या मनात तसं नव्हतं. तो म्हणाला, "मी आठ वर्षं सोलकढीच का आणतो, कधी विचार केलास? आमच्याकडे काय फक्त सोलकढी पितात?"

वसईचंही तेच निघालं. तिच्या आईच्या हातचं इंद्याल सगळ्या गल्लीत प्रसिद्ध, आणि आमच्या वाट्याला दर वर्षी केक. सगळ्यांनी आपापल्या स्वयंपाकघरातून माझ्या टेबलाला चालेल ते निवडून आणलं होतं, आणि त्यालाच मी परंपरांची देवाणघेवाण म्हणत होते. लातूरकडे निवडायला तसं काही नव्हतं, म्हणून ती दुकानात जात होती.

तर मंडळी, माझं मत झालंय ते असं. आपल्याला एकमेकांच्या खाण्यापिण्याच्या परंपरा खरोखर जाणून घ्यायच्या असतील, तर सणांना जमणं सोडावं आणि हंगामाला जमावं. आणि ताट घेऊन जमू नये, रांधायला जमावं.

सण वाईट असतात असं मी म्हणत नाही. गणपतीत माझ्या घरी आजही उकडीचे मोदक होतात आणि पुढेही होतील. पण सण कुणाचा तरी असतो. "दिवाळीत तुमच्याकडे काय करतात?" या प्रश्नाला काहींकडे आठ-दहा पदार्थांचं उत्तर असतं, आणि काहींकडे "शेजारून यायचं ते खायचो" एवढंच असतं. वसईसारख्या काहींचा तो सणच नसतो. विचारणाऱ्याच्या हे ध्यानीमनी नसतं, उत्तर देणाऱ्याला मात्र दर वेळी हसून वेळ मारून न्यावी लागते. "पहिला पाऊस पडला की तुमच्याकडे काय शिजायचं?" असं विचारून बघा. या प्रश्नाला उत्तर नाही असं माणूस मला अजून भेटलेलं नाही. पाऊस सगळ्यांच्या घरावर पडतो. कुणाकडे भजी होतात, कुणाकडे तरवटा शिजतो, कुणाकडे सुका बांगडा भाजतात, पण प्रत्येकाजवळ सांगण्यासारखं काहीतरी असतंच.

आणि रांधायला का जमायचं? कारण तयार ताटात पदार्थ दिसतो, त्यामागचं घर दिसत नाही. लातूरची गोष्ट मला आठ दिवाळ्यांत कळली नाही, ती एका कुरडईच्या सकाळी कळली.

२०१७ च्या पावसाळ्यापासून आम्ही तीन नियम केले. एक, फेरी लावायची, प्रत्येक वेळी वेगळ्याचं स्वयंपाकघर. दोन, ज्याचं घर त्याचा शब्द. त्या हंगामात त्याच्या घरी जे होत असे तेच करायचं, आणि बाकीचे सगळे हरकामे. तिसरा नियम लातूरचा: खाण्याची सक्ती नाही, पण नाक मुरडायला बंदी.

पहिली फेरी तिच्याच घरी झाली. वजडी. आदल्या दिवशी मी उपासाचं निमित्त काढून टाळावं का, असा विचार करत होते, हे कबूल करते. पण गेले. वजडी साफ करणं म्हणजे काय असतं, ते मला तोवर माहीत नव्हतं. चुना लावून, गरम पाण्यात घालून, खरवडून खरवडून काळपट थर काढायचा, पुन्हा धुवायची, पुन्हा खरवडायची. तिच्याशेजारी बसून मीही खरवडली. पहिली पाच मिनिटं श्वास रोखून, नंतर गप्पांत विसरले. अकोला आणि मालवणने चाटूनपुसून खाल्ली. मी खाल्ली नाही. जन्मभर ज्या जिभेला मांस ठाऊक नाही, तिच्याकडून एका दिवसात काही होईना. लातूरने माझ्या ताटात तरवट्याची भाजी आणि भाकरी वाढली आणि म्हणाली, "धुतलीस ना, पुष्कळ झालं."

पुष्कळ झालं की नाही, माझं मला अजून नक्की सांगता येत नाही. काही मित्र म्हणतात, खाल्लं नाहीस म्हणजे सगळं वरवरचं. मला तसं वाटत नाही. काय खावं हा ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न आहे. पण कुणाच्या चुलीपाशी बसावं, कुणाच्या हातचं पाणी आपल्या पिठात पडावं, कुणाचं भांडं आपण घासावं, हा जिभेचा प्रश्न नव्हे, आणि आपण तो नेहमी जिभेवर ढकलून मोकळे होतो. "आमच्यात खात नाहीत ना" या वाक्यामागे किती काय लपवता येतं, ते मला स्वतःवरून कळलं.

त्याच दिवशी तरवट्यावरून मजा झाली. जिला लातूर तरवटा म्हणते, तिला अकोला तरोटा म्हणते आणि मी टाकळा. तीन नावं, पण पहिल्या पावसाबरोबर उकिरड्यावर, रस्त्याकडेला उगवणारी भाजी एकच. माझ्या लेखी टाकळा म्हणजे वर्षातून एकदा हौसेने करायची रानभाजी, चुरचुरीत लसणाची फोडणी आणि वरून ओलं खोबरं. हल्ली रानभाज्यांचे महोत्सव भरतात, तिथे रांगा लावून लोक खातात. लातूर म्हणाली, "आमच्याकडे रांग नव्हती. ज्वारी संपलेली असायची आणि नवी यायला वेळ असायचा, तेव्हा हीच." आषाढ-श्रावण हे ज्याच्या घरी धान्य आहे त्याच्यासाठी हिरवेगार दिवस. ज्याच्या घरी नाही, त्याच्यासाठी वर्षातले सगळ्यात अवघड महिने. म्हणजे पाऊस सगळ्यांचा असला तरी सगळ्यांना सारखा पडत नाही. पण निदान त्यावर बोलता येतं. मोदकांच्या ताटाभोवती हे बोलणं कधीच निघालं नसतं.

सगळ्या फेऱ्या इतक्या गंभीर नसतात हं, घाबरू नका. जूनमध्ये वसईने शेवळं आणली होती. पहिल्या पावसात ठाणे-वसईकडच्या रानात उगवणारे ते जांभळट कोंब. त्यांना भयंकर खाज असते, म्हणून बाजारात शेवळांबरोबर काकडं नावाची छोटी आंबट फळंही विकतात, ती भाजीत घालावीच लागतात. वसई काकडं विसरली. "चिंच घालू, काही होत नाही," असं मालवण ठामपणे म्हणाला. अर्ध्या तासाने पाचही जण घसा खाकरत, आमसुलं चोखत बसलेले. तिच्या आईने फोनवरून आम्हाला जे सुनावलं, ते इथे लिहिता येत नाही.

मालवणच्या घरी आम्ही मेअखेर जातो, कोकणातल्या आगोटीच्या वेळी. जून-जुलैचे दोन महिने समुद्रात मासेमारी बंद असते, त्याआधीच घरात सुके बांगडे, सोडे, कोकमं, मसाला भरून ठेवायचा. त्याच्या घराचा वास चार दिवस आमच्या कपड्यांना येतो. वसईच्या घरी त्याच्याही आधी, एप्रिलच्या कडकडीत उन्हात, बाटली मसाला. मिरच्या आणि वीस-पंचवीस जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, कुटून, गडद रंगाच्या बाटल्यांत काठीने ठासून भरायचा. अकोल्याकडे थंडीत रोडगे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले. सोसायटीच्या आवारात गोवऱ्या पेटवायला परवानगी मिळेना, तेव्हा तिच्या भावाच्या शेतावर गेलो आणि येताना हुरडाही खाल्ला.

एक आक्षेप नेहमी येतो, आमच्या मामेभावाने तर लग्नात सगळ्यांसमोर घेतला होता. "सण सोडले की संस्कृती सुटते." मला उलटं दिसतं. ऋषीपंचमीची भाजी बघा. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून परसातलं, हाताने लावलेलं घालायचं. भोगीची भाजी म्हणजे पौषात शेतात जे जे उभं आहे ते सगळं. होळीला पुरण, कारण नवा हरभरा घरात आलेला. सणाचं ताट हे मुळात हंगामाचंच ताट आहे. आपणच हंगाम विसरलो आणि ताट पाठ करून बसलो. फ्रीजमधले मटार घालून भोगीची भाजी जूनमध्येही होते आता. तेव्हा हंगामाकडे परत गेलं, तर संस्कृतीच्या मुळाशीच जातो आपण, आणि तिथे सगळ्यांना जागा असते.

दुसरा आक्षेप माझा मलाच आहे. हे सगळं कष्टाचं काम आहे आणि पिढ्यान् पिढ्या ते बायकांनीच केलंय. वाळवणाच्या आठवणींनी गहिवरणारे बहुतेक जण गच्चीवर फक्त कावळे हाकलायला बसलेले असत. म्हणून आमच्याकडे मालवणला सूट नाही. सोऱ्या फिरवायला सगळ्यात जोर त्याच्याच दंडात आहे, आणि भांड्यांची पाळीही त्याला लागते. इतरांचे नवरे, मुलगे येतात तेव्हा त्यांनाही. ज्यांना हे जमत नाही, त्यांना आम्ही प्रेमाने बोलावत नाही.

आणखी एक. आपल्या पाककृतींच्या पुस्तकांकडेही मी आता जरा वेगळ्या नजरेने बघते. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली आली, माझ्याकडची प्रत आईने लग्नात दिलेली, हळदीच्या डागांनी पिवळी झालेली. त्या पुस्तकाने मला स्वयंपाक शिकवला, त्याचं ऋण आहेच. पण मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजत होतं, ते सांगणारं शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' यायला २०१५ साल उजाडावं लागलं. लातूरनेच ते मला वाचायला दिलं. नावातलं ते 'अपूर्ण' वाचून मी बराच वेळ पुढे वाचलंच नाही. आता दोन्ही पुस्तकं ओट्याच्या वरच्या फळीवर शेजारी शेजारी असतात.

आता माझ्या घराचं. खोटं चित्र रंगवायचं नाही म्हणून सांगते, माझ्या स्वयंपाकघरात आजही मांस शिजत नाही. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, घर त्यांचं आहे आणि या वयात त्यांच्याशी ती लढाई मला लढायची नाही. हा शहाणपणा आहे की पळवाट, हे मी स्वतःला दर वर्षी विचारते. लातूरला एकदा विचारलं, तर म्हणाली, "दोन्ही." मग माझ्या फेरीला मी भोगी निवडली, कारण त्या दिवशी त्यांच्या आणि आमच्या, दोन्हीकडच्या ताटात भाजी-भाकरीच असायची.

या भोगीला ती सकाळीच आली. गॅस तिने पेटवला, परात तिने काढली. मी वांगी चिरत होते. सासूबाई बाहेरच्या खोलीत पावट्याच्या शेंगा घेऊन बसल्या होत्या, तर ही परात बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि सोलायला लागली. बराच वेळ दोघी गप्प. मग सासूबाईंनी विचारलं, "तुमच्याकडे भाकरीला तीळ लावतात का गं?"

ती म्हणाली, "लावायचो की काकू. घरात तीळ असले तर."

सासूबाईंचा हात थांबला. "आमच्या लहानपणी पण काही वर्षं नव्हते," त्या म्हणाल्या. मग कुठल्याशा दुष्काळाची, वडील गेल्यानंतरच्या दिवसांची गोष्ट निघाली, जी मी तीस वर्षं त्यांच्या घरात राहून कधी ऐकली नव्हती. मी चुपचाप वांगी चिरत राहिले. मध्ये बोलले असते तर दोघीही थांबल्या असत्या.

तेव्हा धाकटे, भांडण-बिंडण काही नाही. दिवाळीला तू तुझ्या घरी फराळ कर, मी माझ्या घरी करीन. आमच्या टोळीत यायचं असेल तर पुढच्या भोगीला ये. सकाळी आठच्या आत, शेंगा सोलायला. येताना डबा आणू नकोस, फक्त पावशेर तीळ आण.

आणि बाकी मंडळींनो, पहिला पाऊस पडला की तुमच्याकडे काय शिजायचं, तेवढं जरूर सांगा.